प्रसादाला नाही म्हणणारी ओवी

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करते. माझी पाच वर्षांची ओवी मध्येच ओकायची, घामाघूम होऊन निपचित पडायची. हातपाय काड्या, पोट तेवढं पुढे. यकृत वाढलंय असं डॉक्टर म्हणाले, पण कारण सापडेना. पोर हातची जाते की काय, या भीतीने मी लेण्याद्रीच्या गणपतीला पाच संकष्ट्या बोलले. शिनोलीहून एसटीने जायचं, पायऱ्या चढायच्या, मोदकाचा नैवेद्य दाखवून त्यातला एक ओवीला भरवायचा. ती तोंड घट्ट मिटायची, मी गाल दाबून भरवायची. प्रसादाला कुणी नाही म्हणतं का?

चौथ्या संकष्टीला खाली उतरल्यावर पायथ्याशी आमची ही झटापट चालली होती. तिथे बांगड्या विकणारी चाची एकदम ओरडली, "अगं, पोरीला नगं तर ऱ्हाऊ दे की! माजा नातू बी असाच गोडाला भ्यायचा. त्याचं बी लिव्हर लई मोठं झालं व्हतं. जन्मापास्नंच त्याला गूळ-साखर, फळं सोसत न्हाईत. डॉक्टरला सांगितलंस का हे?"

नव्हतं सांगितलं. पोरगी काय खाते विचारल्यावर मी भात, भाकरी, दूध सांगितलं होतं. घरी ती गोडाला शिवत नसे. पण रोज पूजेचा गूळ, गुरुवारी पेढा मी तिच्या तोंडात घालतच होते. प्रसाद खाण्यात कोण धरतं!

पुण्यात जनुकांची तपासणी झाली आणि चाचीचं म्हणणं खरं निघालं. दोष आम्हा नवराबायको दोघांकडून आलेला. औषध नाही, जन्मभराचं पथ्य. माझ्याच हाताने भरवत होते, या विचाराने मी खूप रडले. गोड थांबलं तशी ओवी मात्र पालेभाजीसारखी तरारली. पोटही हळूहळू आत गेलं.

पाचव्या संकष्टीला ती माझ्यापुढे पायऱ्या चढली. मी धापा टाकत मागे. चाची काही अंतर्धान पावली नव्हती. ती रोज तिथेच बसते; तीनदा मीच तिच्यासमोरून न बघता गेले होते. तिने ओवीला हिरव्या बांगड्या भरल्या आणि माझी चेष्टा केली, "आज काय कोंबायला आणलंयस?"

देवा, तुझ्यावर भार टाकला म्हणत मी तुलाच कामं सांगत होते. तू तर रोज लेकराच्या मिटलेल्या तोंडातून मला सांगत होतास.

त्या दिवशी नैवेद्याला दहीभात होता. ओवीने बोटं चाटत विचारलं, "आई, बाप्पानं मोदक सोडले?"

"सोडले गं, तुझ्यासाठी."

"मग त्याला अजून थोडा भात दे," ती म्हणाली, आणि आपल्याच पानातला घास तिने त्याच्यापुढे ठेवला.