दोन महिन्यांची चुकलेली वर्गणी

आमचे यजमान सोलापुरात एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते. तिथल्या कारकुनांनी आपसांत एक आजार फंड काढला होता. दरमहा वर्गणी भरायची. कुणी अंथरुणाला खिळलं तर औषधपाणी फंडाचं, शिवाय अर्धा पगार घरपोच. वर्गणी न्यायला ऑफिसचा शिपाई घरी येई आणि सासूबाई ती देत.

एका उन्हाळ्यात त्यांनी शिपायाला दारातूनच परत पाठवलं. मला म्हणाल्या, "समदी धडधाकट हाईत की. आजाराच्या नावानं पैसा बाजूला काढायचा, म्हंजी त्याला बोलावणंच धाडायचं." फंडाच्या सेक्रेटरींनी यजमानांना आठवण करून दिली, यजमानांनी घरी सांगितलं. सासूबाई "व्हय, व्हय" म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्यातही शिपाई रिकाम्या हातानं गेला.

आषाढात यजमानांना विषमज्वर झाला. आम्ही दोघी सेक्रेटरींच्या घरी गेलो. ते गिरणीतलेच हिशेबनीस, वयस्क मुसलमान गृहस्थ. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"एक महिना चुकला तर आम्ही थांबतो, बाई. दुसरा चुकला की नाव निघतं. परत घेऊ त्यांना, पण बरे झाल्यावर. डॉक्टर तपासतील, आणि त्यानंतरही तीन महिने काही मिळणार नाही."

"पण इतकी वर्षं भरलंय आम्ही," मी म्हणाले.

"ते त्या वर्षांत जे आजारी पडले त्यांना गेलं. ठेव नव्हे ती."

दुसऱ्या दिवशी सासूबाई करकंबला भावाकडे गेल्या आणि ज्वारीचं पोतं, थोडे पैसे घेऊन आल्या. पगार बंद होता. डॉक्टरांची बिलं त्यातूनच भागवली. सेक्रेटरी अधूनमधून मोसंबी घेऊन येत. पहिल्याच खेपेला त्यांनी सांगून टाकलं, "हे फंडाचं नाही, माझं आहे."

ताप उतरला तरी यजमानांना भिंत धरून चालावं लागे. दसऱ्याला ते कामावर गेले. फंडाच्या डॉक्टरांनी छाती तपासली, वजन केलं आणि महिनाभरानं या म्हणाले. दुसऱ्या खेपेला नाव लागलं.

त्यानंतर वर्गणी यजमान स्वतःच ऑफिसात भरू लागले. सासूबाईंना ते फारसं आवडलं नाही. एकदा सेक्रेटरी घरी आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "माजं नाव घालता येतं का हो तुमच्या फंडात?"

"गिरणीत नोकरी धरा, मग घालू," ते म्हणाले.

सासूबाई हसल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.