खुंटीवरची सॅक

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बहिणीजवळ नाही, देवाजवळही नाही. देवापुढे उभं राहायचं तर डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले की मला मंदा दिसते. पाण्याकाठच्या दगडावर बसलेली, तिचेही डोळे मिटलेले. मग मी घाईघाईनं उघडते. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहिते, म्हणजे सांगता येईल. कदाचित.

खालापूरला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी ते सहा महिने बंद ठेवून मी पाठीवर एक सॅक घेतली आणि एकटी अर्धा देश हिंडून आले. स्वस्तात, पॅसेंजर गाड्यांनी, धर्मशाळांत मुक्काम करत. तेव्हापासून कॉलेजची पोरंपोरी दुकानात येतात. मावशी, काय काय न्यायचं? मी काउंटरवर कोपरं टेकून प्रवचन देते. न्यावंसं वाटतं ते सगळं जमिनीवर मांडा आणि त्यातलं अर्धं परत कपाटात ठेवा. कपड्यांचे दोनच जोड, एक अंगावर, एक दोरीवर. टॉवेल नको, पंचा. तेल औषधाच्या रिकाम्या बाटलीत, साबण अर्धा कापून. जुन्या सुती साडीची खोळ शिवा आणि कुठल्याही कळकट गादीवर त्यात शिरून झोपा. पोरं विचारतात, तुम्ही काय काय मागे ठेवलंत? मी म्हणते, छत्री आणि जीन्स. सगळे हसतात.

खोटं नाही ते. पण पुरतं खरंही नाही, नाही का?

तो प्रवास माझ्या एकटीचा नव्हताच. मंदाचा आणि माझा होता. मंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. भिवपुरीच्या बाजूला तिचं गाव, घरची भातशेती. नवरा गेल्यावर तिनं ती एकटीनं सांभाळली, मुलाला, संतोषला, मोठं केलं, त्याचं लग्न लावलं. मी लग्न केलं नाही, तिचं संपलं. दोघींनाही वाटायचं की आता आपल्याला कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी जाऊन यावं. रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायची. ओट्यावर नकाशा पसरायचा, उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार कैऱ्या ठेवायच्या. समोर डोंगरातून पॉवरहाउसकडे उतरणारे पाण्याचे मोठे पाइप उन्हं कलली की तांबूस व्हायचे. मंदा बोट नकाशावरून सरकवत राहायची, खाली दक्षिणेला, समुद्राच्या कडेकडेनं वर, मग बर्फाकडे. गावांची नावं ती हळू म्हणायची, जशी अंगाई म्हणावी. इथं नदी हाय का गं? इथली बायामाणसं काय खात असतील? मला बसची वेळ, गाडीचा नंबर, मुक्कामाचा दर माहीत असायचा. ते ती विचारायची नाही.

सॅक भरल्या तेव्हा आम्ही तिच्या गावातल्या भातगिरणीच्या काट्यावर ठेवून बघितल्या. गिरणीवाला म्हणाला, "काय बायांनो, तांदूळ हाय का कणी?" मी दोन वर्षं वाचत होते, हलकं कसं भरायचं, काय टाळायचं. मंदानं एका दुपारी भरलेली सॅक माझ्यापेक्षा हलकी निघाली. मी हसले. हसले, पण मनात कुठंतरी खुट्ट झालं. ते मी तेव्हा ऐकलं नाही, असं म्हणू का? ऐकलं होतं.

मग सराव म्हणून कर्जतजवळच्या कोंडाण्याला गेलो, भरलेल्या सॅक पाठीवर घेऊन, लेण्यांपर्यंत. पावसाळा नुकता सरला होता, झाडीतून अजून पाणी झिरपत होतं. मी पुढे, मंदा मागे. मी वळून बघावं तर ती कुठल्यातरी अंगणात उभी, कुणाची तरी भाजी निवडू लागतेय. कुणी तिला काकडी दिली, कुणी ताक पाजलं, एका म्हातारीनं तर तिचा हातच सोडला नाही. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. "मंदा, असं चाललीस तर काश्मीर येईपर्यंत आपण म्हाताऱ्या होऊ," मी म्हटलं. ती म्हणाली, "घाई कसली हाय गं शालू? लेणी काय पळून जात नाय." आणि वाटेतल्या ओढ्याशी ती दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. चेहरा असा शांत, जणू ती पोचली होती. जिथं आम्हाला जायचं होतं तिथं ती, तिथल्या तिथं, पोचली होती.

मी बाजूला उभी राहून बघत होते.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती हळू चालायची म्हणून मी तसं केलं. सहा महिने अशा चालीनं कसं जमायचं? पटतं ना? मलाही पटवून घेता येत होतं. पण ते कारण नाही. कारण हे, की तो प्रवास मी आखला होता आणि तो तिचा होणार होता. प्रत्येक गावात दार तिच्यासाठी उघडणार, आणि मी तिच्यामागून गाड्यांच्या वेळा घेऊन आत जाणार. मला ते सोसणार नव्हतं. हेवा म्हणतात त्याला. साधा, घरगुती हेवा.

दोन-तीन दिवसांनी संतोष दुकानात आला. तो हायवेवरच्या फूड मॉलमध्ये कामाला होता, कसल्याशा कागदाची झेरॉक्स हवी होती त्याला. मशीन चालू असताना, त्याच्याकडे न बघता, मी म्हणाले, आईला जरा जप हं. परवा कोंडाण्याच्या वाटेवर तिला चक्कर आली. डोळे मिटून बसूनच राहिली बिचारी.

त्याचा चेहरा पांढरा पडला. का पडला ते सांगते, आणि हे सांगणंच सगळ्यात अवघड आहे. त्याचा बाप असाच, शेतात चक्कर येऊन बांधावर बसला होता आणि परत उठला नव्हता. संतोष तेव्हा शाळेत होता. त्याला शाळेतून घरी मीच आणलं होतं. मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तो शब्द निवडला.

आणि वर म्हणाले, मी सांगितलं म्हणू नकोस हं, तिला आवडायचं नाही.

पोरगा शब्दाचा पक्का. त्यानं माझं नाव घेतलं नाही, चक्कर हा शब्दही काढला नाही. पण आईला थांबवायचं तर काहीतरी सांगायला हवं. त्याची बायको, अश्विनी, तेव्हा गरोदर होती. तिची आई हयात नव्हती. संतोष मंदाला म्हणाला, "आई, अश्विनीला बघायला दुसरं कोण हाय? आता नको जाऊस." मंदानं ऐकलं ते वेगळंच, की सुनेनं मुलाच्या तोंडून निरोप धाडलाय. भरलेली सॅक तिनं खुंटीला अडकवली.

मला तिनं सांगितलं तेव्हा मी काय केलं असेल? तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मी निघाले त्या सकाळी मंदा कर्जत स्टेशनवर आली होती. आपल्या सॅकमधला पंचा तिनं माझ्या हातात दिला, नवा, पण मऊ व्हावा म्हणून तिनं धुऊन धुऊन पातळ केलेला. "माझ्या वाटचं तू बघून ये," म्हणाली. सहा महिने मी त्या पंचानं तोंड पुसलं. नद्यांवर, धर्मशाळांच्या नळांवर, एकदा बर्फात. खूप बघितलं मी. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं आठवतं. दार कुणी आपणहून उघडलं नाही फारसं, आणि गाडी मात्र मी एकही चुकवली नाही. परत आल्यावर पंचा तिला दिला. तिनं तो नाकाशी धरला, घडी केली आणि खुंटीवरच्या सॅकमध्ये ठेवून दिला. मग म्हणाली, सांग, पहिल्यापासून सांग. मी सांगत राहिले आणि ती ओट्यावर बसून ऐकत राहिली.

त्या घरात आता नात शाळेत जाते. मंदा तिचं सगळं करते. पण सुनेशी सरळ बोलत नाही. मीठ हवं तरी नातीला सांगते, तुझ्या आईला म्हणावं मीठ दे. कधी कुणाच्या प्रवासाचा विषय निघाला की म्हणते, आमचं काय, आमाला घरच्यांनी बांधून ठेवलं. अश्विनी ताटं उचलून आत जाते.

एकदा ती दुकानात आली होती. काम काही नव्हतं. म्हणाली, "मावशी, तुमी आईंच्या जवळच्या. माझं काय चुकलं ते त्यांना विचाराल का? मी तर माझ्या मावशीकडं जायचं ठरवलं होतं बाळंतपणाला, त्यांना जाता यावं म्हणून. त्यांनीच राहायचं ठरवलं असं हे म्हणाले. मला वाटलं किती माया हाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मला वाटलं तिनं ओळखलंच आहे. तिनं काहीच ओळखलं नव्हतं. मी म्हणाले, अगं, वय झालं की माणसं अशीच होतात, मनावर घेऊ नकोस. तिनं मान हलवली आणि माझे आभार मानले.

मंदाचे गुडघे आता खरंच गेले आहेत. कोंडाणंही व्हायचं नाही. सॅक खुंटीला आहे, वर धूळ बसू नये म्हणून तिनं जुनी ओढणी टाकलीय. मागच्या रविवारी नातीनं विचारलं, आजी, यात काय हाय? मंदा म्हणाली, "काय नाय गं, माझी कापडं." मी समोर चहा पीत होते.

मी लिहिलेलं काहीही मंदा सगळ्यांच्या आधी वाचते. नातीकडून चष्मा मागवते आणि अक्षरावर बोट ठेवून, नावं म्हणायची तशी, हळू वाचते. हेही वाचेल. अश्विनीही वाचेल. म्हणून शेवटचं सरळ लिहिते, वाचताना अडखळायला नको.

मंदा त्या दगडावर डोळे मिटून बसली होती, कारण तिला बरं वाटत होतं. तिला चक्कर आली नव्हती. अश्विनीनं तिला अडवलं नव्हतं. मी अडवलं.