कावळा नसलेल्या गावात

देवावर रागावले होते मी, हे आधीच सांगून टाकते. ऑकलंडला लेकाकडे राहायला म्हणून आलो आणि हे इथेच गेले, बॉटनी डाउन्सच्या घरात, झोपेत. आदल्या दिवसापर्यंत एकच धोशा लावला होता, "चल गं, पुण्याला जाऊ." जाऊ जाऊ म्हणत मी टाळत राहिले.

दहाव्याला मागच्या अंगणात पिंड ठेवला. कावळा काही येईना. "आई, इथे कावळे नसतातच गं," लेक म्हणाला. आता बोला! गुरुजींनी पुण्याहून फोनवर दर्भाचा कावळा करायला सांगितलं. दर्भ कुठला मिळायला? लेकाने अंगणातल्या गवताचा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्र झालं, पण माझं मन कुठलं मानतंय! यांचा जीव पुण्यात अडकलाय, म्हणून सुटत नाही, असंच वाटायचं. मग मी रोज सकाळी कुंपणापाशी भात ठेवायला लागले. चिमण्या, साळुंक्या आल्या की हुसकून लावायची. "अहो, अस्थी पुण्याला नेते, तुमच्या कुंड्यांना पाणी घालते, अजून काय हवंय ते सांगा तरी!" असं म्हणायची आणि रडायची. दत्तगुरूंनाही सोडलं नाही. एक कावळा पाठवायला तुम्हाला इतकं जड जातंय का?

कावळा आला नाही. कुंपणापलीकडची नोई आली. ती थायलंडची, मी लेकाकडे तशी ती मुलीकडे येऊन राहिलेली. इंग्रजी दोघींचंही तोडकंमोडकं. मी भाताकडे बोट दाखवून "हजबंड" म्हटलं, तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. घरात जाऊन ती एक छोटी झारी आणि वाटी घेऊन आली. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने वाटीत पाण्याची धार धरतात आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी सोडतात. "माय मदर," म्हणाली. आई गेली तेव्हा हिला पोचता आलं नव्हतं. मग झारी माझ्या हातात देऊन म्हणाली, "माय पेन राय." हे ते लोक उठता-बसता म्हणतात: असू दे, झालं ते झालं, सोड आता. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर मी फाडकन बोलले असते. पण तिचेच डोळे वाहत होते.

मी धार धरली. आपली तिलांजली तरी वेगळी काय असते? पाणी पडत होतं आणि मला एकदम भरून आलं. इतके दिवस मी यांना वचनं देत होते, विनवण्या करत होते, पण "जा" असं एकदाही म्हटलं नव्हतं. कावळा शिवला असता तर हे खरोखर गेले असते, आणि तेच मला नको होतं.

"जा तुम्ही," मी मोठ्याने म्हणाले. "माझ्यासाठी थांबू नका." आणि वाटीतलं पाणी लिंबाच्या झाडाशी सोडलं.

नोईला दत्तगुरूंनी पाठवलं का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी हात जोडले ते तिला, आणि ते पोचायचे तिथे पोचले असतील. सोडणं म्हणजे विसरणं नव्हे, एवढं मला त्या दिवशी कळलं. आठवण अजून रोज येते, जीव कासावीस होतो. तेव्हा मी यांना परत बोलवत नाही. "नीट पोचलात ना हो?" एवढंच विचारते.