पालखी आणि लघवीची गोळी

आमच्या शेजारचे भाऊराव दर शिमग्याला संगमेश्वरजवळच्या आपल्या गावी जात आणि परत आले की बोरीवलीला इस्पितळात दाखल होत. पाय सुजलेले, चपला हातात, दोन वाक्यांत दम. हृदय अशक्त आहे, असं डॉक्टर सांगत, अंगात साठलेलं पाणी उतरवत आणि घरी पाठवत. आमच्या मजल्यावर हा शिमग्याचाच भाग मानला जाई.

गेल्या वर्षी त्यांना घरी आणताना मुलगा राजेश जिन्यातच म्हणाला, "अण्णा, पुन्हा अ‍ॅडमिट झालात तर गाव बंद."

"शिमग्याला देवाची पालखी घरी येते रे. दार कोण उघडणार?"

"शेजारी उघडतील."

नोकरी होती ती गिरणी बंद पडली तेव्हाही भाऊरावांचं तोंड इतकं उतरलं नव्हतं. पुढे शाळेत शिपाई झाले, तेव्हा सगळी रजा शिमग्यासाठी राखून ठेवत. मुलीचं लग्नसुद्धा शिमगा टाळून ठरवलं.

गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा दवाखाना आहे. भाऊराव तिथे रक्तदाब मोजायला जातात, कारण पंखा चांगला आहे. यंदा शिमग्याच्या आधी मीही गुडघा दाखवायला सोबत होते. तिथल्या डॉक्टर गंधाली वयाने माझ्या नातीएवढ्या.

"गोळ्या चालू आहेत ना?"

"हो." इस्पितळातही ते हेच सांगत.

"प्रवासातसुद्धा?"

"प्रवासात कशी घेणार? लघवीची गोळी घेऊन एस.टी.त बसलो तर कंडक्टर खाली उतरवेल."

"आणि गावाला?"

"पालखी कधी येईल त्याचा नेम नाही. ती दारात आणि यजमान मोरीत, बरं दिसतं का?"

"म्हणजे तिथे असेपर्यंत बंद."

"बोरीवलीला आल्यावर परत चालू."

"आल्यावर तर तुम्ही अ‍ॅडमिट असता."

"तिथे देतातच ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "प्रवासाच्या दिवशी घरी पोचल्यावर घ्या. पालखीच्या दिवशी ती पुढच्या घरी गेली की घ्या. पण घ्याच. खारं बंद. आणि रोज वजन करा, वाढायला लागलं की मला फोन."

"काटा रेशनच्या दुकानात आहे."

"मग तिथे जाऊन उभे राहा."

भाऊराव गावी गेले. राजेशने इस्पितळाची बॅग भरून दाराशी ठेवली. "काकू, उगाच धावपळ नको," मला म्हणाला.

भाऊराव परत आले ते पायात चपला घालून. राजेशने आधी त्यांचे पाय बघितले, मग तोंड.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. भाऊरावांनी त्यांच्यापुढे खाऱ्या बांगड्याची पुडी ठेवली.

"खारं बंद सांगितलं होतं ना?"

"मला. तुम्हाला कुठे?"

संध्याकाळी राजेश दाराशी बसून बॅगेतला टॉवेल आणि पायजमा बाहेर काढत होता. भाऊराव बघत उभे होते.

"बॅग माळ्यावर टाकू नकोस," ते म्हणाले. "पुढच्या शिमग्याला गावी न्यायला होईल."

 राजेशने बॅग झटकली आणि त्यांच्या हातात दिली.