काठीवरचं पाकीट

माझ्याकडे एक निळी फाइल आहे. तिच्यात घरातल्या प्रत्येक वस्तूचं वॉरंटी कार्ड आहे. वस्तू मात्र फारशा उरल्या नाहीत. मिक्सर गेला, कार्ड आहे. इन्व्हर्टरची बॅटरी मुदत संपल्यावर आठव्या दिवशी बसली, कार्ड आहे. बायको म्हणते, "या घरात तुमची फाइल तेवढी टिकाऊ निघाली."

मी वर्ध्याला एका विमा कार्यालयात कारकून आहे. आमच्याकडे वॉरंटीचा अर्थ दुकानातल्यापेक्षा उलटा. इथे हमी गिऱ्हाईक देतो, कंपनीला. गोदामात आग विझवायची साधनं चालू ठेवीन, असं त्यानं कबूल केलं आणि ठेवली नाहीत, तर त्याचा दावा अडतो. अशी कित्येक नकाराची पत्रं मी टाइप केली आहेत, खाली 'आपला विश्वासू' लिहून. घराच्या खरेदीखतात विकणाऱ्यानं 'जागेवर कोणाचा बोजा नाही' असं लिहून दिलं, तीही एक हमीच. हे सगळं मी पाहुण्यांना चहासोबत ऐकवत असतो, त्यामुळे आमच्या नात्यागोत्यात मी वॉरंटीतला जाणकार समजला जातो. हा गैरसमज मी कधी खोडला नाही.

म्हणूनच ताईचा फोन आला. "तुह्या त्या फायलीत वांग्याचं काई हाये का गा?"

ताई माझी थोरली बहीण. सिंदीजवळ तिची भाजीची शेती आहे, आणि बाजारात ती स्वतःच बसते. तिच्या टोपलीतलं वांगं कोणी उलटून पाहत नाही, ही तिची आयुष्यभराची कमाई. त्या वर्षी तिनं काटेरी जांभळ्या वांग्याच्या बियाण्याची तीन पाकिटं आणली. दोन पेरली, रोपं पुरेशी झाली, तिसरं तसंच राहिलं. आमच्याकडे रिकामं पाकीट काठीला अडकवून वाफ्याच्या तोंडाशी रोवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं काय लावलंय ते. पाकिटावर जांभळ्या वांग्याचं झकास चित्र होतं. झाडांना फळं धरली तेव्हा एकाच ओळीत काही झाडांना जांभळी गोल आणि काहींना लांब हिरवी लागलेली!

नुकसान झालं ते झालंच. पण लागलं दुसरीकडेच. ताईच्या जुन्या गिऱ्हाईक, एक निवृत्त मास्तरीणबाई, बाजारात टोपलीपुढे बसल्या आणि पहिल्यांदाच वांगी उलटून-पालटून पाहू लागल्या. "काऊन व, रोपात घोळ केला का? वय झालं आता तुह्यं."

ताईनं मला फोनवर एवढंच विचारलं, "तू सांग, मी घोळ करीन का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कृषी केंद्रात गेलो. दुकानदार गोड माणूस. "मावशी, रोपं तुमच्याकडूनच मिसळली असतील. कंपनीचं बियाणं पॅकबंद असते." मग त्यानं पाकिटाची मागची बाजू माझ्यापुढे धरली. मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: कंपनी फक्त उगवणीला जबाबदार, पिकाची हमी नाही. "उगवलं ना साहेब? मग झालं!"

मी चष्मा पुसून वाचलं. भाषा ओळखीची होती, आमच्याच घराण्यातली. आणि बहिणीचा वकील म्हणून आलेल्या या जाणकारानं काय म्हणावं? "तसं लिहिलं तर आहे, ताई."

दुकानदार खूश झाला. चहा आला. नवीन बियाण्याची तीन पाकिटं फुकट, आणि सोबत एक कागद: 'रोपवाटिकेत माझ्याकडून मिसळ झाली असावी, माझी काही तक्रार नाही.' मी खिशातलं पेन काढून टोपणही उघडलं. "टाक सही करून. पुढच्या हंगामाचं बियाणं तरी सुटते."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू कोणाकडून आलता गा?"

मी पेन बंद केलं.

तिनं पिशवीतून तिसरं पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे तुह्याच दुकानातलं. लॉट नंबर तोच, तोंड तसंच बंद. तूच फोड. तुह्या मागच्या अंगणात तूच पेर, पाणीबी तूच घाल. मी हात नाई लावत. सगळी जांभळी निघाली, तर या कागदावर सही करीन."

दुकानात फवारणीचं औषध घ्यायला आलेले तीन-चार जण थांबले. दुकानदारानं पाकीट उचललं, फिरवून पाहिलं, खाली ठेवलं. "असं कुठं असते का मावशी?"

"काऊन नसते? तुह्या बियाण्याचा तुलेच भरोसा नाई का?"

त्यानं पाकीट फोडलं नाही. ताईनं ते उचलून परत पिशवीत टाकलं. शेजारच्या माणसानं मात्र आपल्या हातातलं त्याच कंपनीचं पाकीट मुकाट्यानं काउंटरवर परत ठेवलं.

मला तेव्हा खात्याच्या परीक्षेसाठी घोकलेली एक ओळ आठवली: वर्णन करून विकलेला माल वर्णनासारखाच असला पाहिजे. त्याला कार्ड लागत नाही, शिक्का लागत नाही. आणि पाकिटावरचं चित्र हे वर्णन नाही तर काय आहे? वर ठळक चित्रात द्यायचं आणि खाली बारीक अक्षरात काढून घ्यायचं, हे मी स्वतः पोटासाठी आयुष्यभर टाइप केलं. त्या दिवशी पहिल्यांदा उलट बाजूनं टाइप केलं. एक तक्रार तालुका कृषी कार्यालयाला, एक ग्राहक आयोगाला. 'आपला विश्वासू' लिहिलं नाही.

गावातल्यांनी ताईला सांगून पाहिलं, झाडं उपटून गहू घे. तिनं एक झाड उपटू दिलं नाही. अधिकारी आले, ओळीओळीनं फिरले, पंचनामा लिहिला. ताई म्हणाली, "लागवड नीट होती, तेबी लिहा." लिहीपर्यंत ती बांधावरून हलली नाही. बंद पाकीट आम्ही त्यांच्या हवाली केलं. आयोगाचा निकाल यायचा आहे. तारखा पडतात, ताई प्रत्येक तारखेला हजर असते, आणि मी रजा टाकतो.

पण तिनं निकालाची वाट पाहिली नाही. पंचनाम्यानंतरच्या बाजारात तिनं दोन ढीग मांडले, एक जांभळा, एक हिरवा, आणि मधोमध वाफ्यावरची ती काठी रोवली, पाकिटासकट.

मास्तरीणबाई आल्या. चित्र पाहिलं, ढीग पाहिले. "दोन्ही एकाच पाकिटातले व?"

"एकाच."

"मंग तुह्या हाताचा काय दोष! दे किलोभर." त्यांनी पिशवी पुढे केली, आणि एकही वांगं उलटून पाहिलं नाही.

थोड्या वेळानं दुकानदार आला. आवाज अजून गोडच होता. "मावशी, ती काठी काढा ना. लोक बोलून राह्यले."

"मी काई लिहिलं का त्याच्यावर? तू जे इकलं, तेच दाखवून राह्यली. बियाण्यात घोळ होता असं लिहून दे, आत्ता काढीन."

तो गेला. वाऱ्यानं काठी जरा कलली होती. ताईनं ती दोन्ही हातांनी आणखी खोल रोवली आणि माझ्यावर डाफरली, "पाहतं काय गा? हिरवे तोल."