दाराकडे पाठ

एका मंगळवारी दोन टोळ्यांची मारामारी झाली आणि तिच्यात माझा मुलगा गेला. तो कामावरून घरी येत होता.

त्याच्या पुस्तकांचं मी वस्तीत वाचनालय केलं. तिथे आता टोळी सोडलेले सातजण येतात आणि रोज मला वैताग आणतात. मी टेबलाभोवती खुर्च्या मांडते. हे लोक खुर्च्या कर्कश आवाज करत भिंतीपर्यंत ओढत नेतात. दाराकडे पाठ करून एकही बसत नाही. जाताना खुर्च्या जागेवर ठेवायचं कुणालाच सुचत नाही.

एक दिवस माझा संयम संपला. "अरे, हे वाचनालय आहे की एसटी स्टँड?" असं म्हणत मी एक खुर्ची टेबलाशी ओढली आणि दाराकडे पाठ करून वाचायला बसले.

त्यांच्यातला वयाने मोठा दत्ता म्हणाला, "काकू, तुम्ही निवांत वाचा. दार मी बघतो."

"मला कोण मारायला येणार आहे रे?"

"कोणी नाही. पण आमच्यात तसंच असायचं. एकानं दार बघायचं, तेव्हा बाकीच्यांना झोप लागायची."

मुलगा गेल्यापासून दारात पाऊल वाजलं की मी दचकते. त्या दिवशी तासभर दचकले नाही. हे यांच्याकडून मिळावं, याचा रागही आला. तो अजून गेलेला नाही.

आता सात खुर्च्या भिंतीला असतात. आठवी टेबलाशी असते, दाराकडे पाठ केलेली. ती माझी.