साडूंचं सेटिंग

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी माझ्या साडूंइतका हावरट माणूस मिळणार नाही, आणि त्यांच्याइतका भित्राही नाही. हावरट अशासाठी की हातात आहे त्यातून अजून थोडं निघतंय का, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आणि भित्रे अशासाठी की ते थोडंसं काढताना इतकं जपून काढतात की बघणाऱ्याला जांभया याव्यात.

पाटसला त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे आणि तिथला कंप्युटर हा त्यांचा जीव की प्राण. त्याचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा, हा त्यांचा नाद. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, साडू नुसतं 'चढवणं' म्हणतात. लग्नसराईत वरबापांना हळदीचा रंग उतरायच्या आत लग्नाच्या 'कॅसेट'चा पेन ड्राइव्ह हवा असतो, त्या घाईतून हे सुरू झालं आणि मग घाई संपली तरी नाद राहिला. वेग एक पायरी चढवायचा, मशीनला मुद्दाम ढीगभर काम द्यायचं आणि तापमानाच्या आकड्याकडे बघत बसायचं, दुधाच्या पातेल्यापुढे बसावं तसं. मशीन अडखळलं की एक पायरी मागे. नाही अडखळलं तरी शेवटी एक पायरी मागेच. "वरचा आकडा मिरवायला असतोय, पाव्हणं," ते मला सांगतात. "रोजच्याला एक पायरी खाली राह्यचं. आन् उन्हाळ्यात अजून खाली." गार ठेवायला त्यांनी एवढा अवाढव्य पंखा बसवलाय की डब्याला झाकण लागत नाही, आणि उसाच्या गळिताच्या दिवसांत साखर कारखान्याची काजळी आत जाऊ नये म्हणून त्या उघड्या डब्याला मच्छरदाणीचं अंगडं शिवलंय. मेव्हणी म्हणते, पोरांना कधी एवढं जपलं नाही.

हीच पद्धत त्यांनी संसाराला लावली. आमटीत मिरची वाढवायची तर एकेक, आणि मध्ये पाणी पिऊन थांबायचं. एकदा त्यांच्याकडे पुरणपोळीचं जेवण होतं. दर पोळीनंतर ते माझ्या कपाळाकडे निरखून बघत. चांगली तुपात भिजलेली पोळी मी मोडणार, तेवढ्यात त्यांना कपाळावर घाम दिसला आणि त्यांनी माझ्या ताटातली पोळी उचलून घेतली. "बास. हितनं पुढं तुम्ही हँग व्हताय." त्या पोळीचं दुःख मला अजून आहे.

आमचे दोघांचे सासरे, आबा, तळेगाव ढमढेऱ्याला राहतात. गेल्या पावसाळ्यात गोठ्यात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर चाला म्हणाले, पण आबा खाटेवरून हलेनात. सासूबाई रडून झाल्या, मी भाषण देऊन झालो. आठवडे बाजार चुकवणं आबांना माहीत नव्हतं, त्यांनी आता बाजारात काय आलंय हे विचारणंही सोडलं. तेव्हा मात्र आम्ही मनातून घाबरलो. खाटेवरचा माणूस खाटेचाच होऊन जातो.

अशा वेळी साडू आले, सोबत लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन. ती उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाले, "आबा, हितवर. म्होरं न्हाई." एवढंच मागितल्यावर नाही म्हणायची आबांना लाज वाटली असावी. वॉकर धरून ते कसेबसे पोचले आणि बसले. साडूंनी त्यांच्या कपाळाला हात लावला.

"मी काय तुमचा कंप्युटर हाय व्हय, जावई?"

"न्हाई आबा. कंप्युटर उलटून बोलत न्हाई."

मग दर आठवड्याला साडू पाटसहून मोटारसायकलवर येऊ लागले, अर्थातच बैलगाडीच्या वेगाने, आणि खुर्ची सरकू लागली. उंबऱ्यावरून अंगणात, अंगणातून फाटकाशी, फाटकातून पिठाच्या गिरणीपर्यंत. एकदा आबा हट्टाने खुर्ची ओलांडून पुढे गेले आणि गुडघे लटपटले, तर साडूंनी न रागावता खुर्ची मागे घेतली. दिवाळीनंतर एका बाजारी आबा स्वतःच्या पायांनी बाजारात पोचले आणि मेथीच्या जुडीवरून असे भांडले की ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. आम्ही सगळे हरखलो. साडूंनी मात्र दुसऱ्याच दिवशी खुर्ची गिरणीपाशी आणून ठेवली. "रोज हितवर. बाजाराला जीप."

परवा तळेगावला गेलो होतो. कडाक्याची थंडी पडलेली, मी स्वेटरात. गिरणीपाशी खुर्ची दिसली नाही. ती फाटकाच्या आत होती. आबा घरातून हळूहळू आले, टेकले, आणि बराच वेळ दम खाऊन म्हणाले, "आलो का न्हाई खुर्चीपत्तर?"

"आलात की आबा," साडू म्हणाले.

मी साडूंना जरा बाजूला घेतलं आणि खुर्ची इथे कशी, असं विचारलं. खुर्चीचा पाय डगमगतोय का हे त्यांना तेवढ्यात दुरून बघावंसं वाटलं.

"उन्हाळा हाय न्हवं, पाव्हणं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात खाली घ्यावं लागतंय."

मी स्वेटरची वरची गुंडी लावली आणि म्हणालो, "हो. ऊन फार आहे यंदा."